गणवेश उतरल्यावर

निवृत्त सेनाधिकाऱ्याने काय करावे याविषयी आपल्या मध्यमवर्गाची एक ठाम कल्पना आहे. त्याने क्लबात बसून जुन्या लढायांच्या आठवणी सांगाव्यात, राष्ट्रीय दिनांना पदके लावून मिरवावे, शेजारी राष्ट्राला धडा शिकवण्याची भाषा करावी आणि जमल्यास संरक्षणसामग्रीच्या एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळावर मानाची व मिळकतीची जागा पटकवावी. या कल्पनेत न बसणारा अधिकारी भेटला की समाज प्रथम गोंधळतो आणि मग रागावतो. १५ मार्च २०२४ रोजी नव्वदी ओलांडून हैदराबाद येथे निधन पावलेले माजी नौदलप्रमुख ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांच्या वाट्याला हा गोंधळ आणि हा राग भरपूर आला. वीरचक्राचा मानकरी असलेल्या माणसाला अखेरच्या तीस वर्षांत कितीदा तरी देशद्रोही म्हणवून घ्यावे लागले. असे म्हणणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी आयुष्यात कधी युद्धनौकेवर पाऊल ठेवले असेल.

५ सप्टेंबर १९३३ रोजी मुंबईत माटुंग्याला जन्मलेला हा मुलगा दिल्लीत शिकला आणि १९४९ साली डेहराडूनजवळच्या क्लेमेंट टाउन येथील संयुक्त सेना प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला. १९५३ च्या सप्टेंबरात तो नौदलात अधिकारी म्हणून रुजू झाला आणि पुढे संदेशवहन हे त्याने आपले खास क्षेत्र निवडले. संदेशवहन म्हटले की मुंबईकराला दुसरी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ज्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरील तळावर नाविकांचे बंड उसळले, ती शाळा संदेशवहनाचीच होती. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ आणि पगारातला वर्णभेद यांविरुद्ध उठलेल्या त्या पोरांच्या पाठीशी अरुणा असफअली उभ्या राहिल्या, मुंबईचा कामगार रस्त्यावर उतरला. मोठ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी मात्र शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला. स्वातंत्र्यानंतर ही सारी हकिकत नौदलाच्या अधिकारीवर्गाने बरीच वर्षे अडगळीत टाकली होती. त्या नौदलाचे प्रमुखपदही स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षे इंग्रज अधिकाऱ्यांकडेच राहिले. १९५८ साली रामदास कटारी हे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. कटारींची कन्या ललिता ही लक्ष्मीनारायण रामदास यांची पत्नी. म्हणजे घर, शिक्षण, शिस्त, नातेसंबंध या सर्वच बाबतींत हा मनुष्य त्या व्यवस्थेच्या अगदी गाभ्यातला होता. त्याचे पुढचे वागणे समजून घेताना हे विसरता येत नाही. व्यवस्थेने बाहेर फेकलेल्या माणसाची कडवट बंडखोरी आणि व्यवस्थेने सर्वोच्च पदावर बसवलेल्या माणसाचा शांत नकार, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

१९७१ च्या युद्धात रामदास ‘बियास’ या फ्रिगेटचे कप्तान होते. पूर्वेकडील ताफ्यात ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका होती. तिचा एक बॉयलर तडकलेला, वेग मंदावलेला. म्हणून तिच्याभोवती ‘ब्रह्मपुत्र’, ‘बियास’ अशा नौकांचे कडे आवश्यक होते. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी बंगालच्या उपसागरात तिच्याच शोधात आली होती. ती ३ व ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणम्‌च्या मुखाशी बुडाली. पण पाण्याखाली आणखी काय आहे याची खात्री वरच्या माणसाला कधीच नसते, आणि बांगलादेशच्या उथळ किनाऱ्यावर पाणसुरुंगांचे भय होतेच. या परिस्थितीत चितगाव व कॉक्स बझारची सागरी कोंडी करून पाकिस्तानी सैन्याला समुद्रमार्गे निसटू न देणे ही ताफ्याची कामगिरी होती. ती पार पडली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. रामदासांना वीरचक्र मिळाले ते या कोंडीतल्या कामगिरीसाठी.

त्याच युद्धात दुसऱ्या किनाऱ्यावर, ९ डिसेंबरच्या रात्री, ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. नौदलातील मरण हे असे सामुदायिक असते. भूदलात शेजारचा पडला तरी आपण वाचू शकतो, पण नौका गेली की स्वयंपाक्यापासून कप्तानापर्यंत सगळे एकाच पाण्यात. ही जाणीव घेऊन जो मनुष्य चाळीस वर्षे समुद्रावर काढतो, त्याला युद्धाच्या घोषणा ऐकताना घरी बसलेल्या श्रोत्याइतका आनंद होत नसेल, तर त्यात नवल ते काय?

युद्धानंतर बॉन येथील वकिलातीत नौदल प्रतिनिधी, पुढे पूर्व ताफ्याचे नेतृत्व, कोचीच्या दक्षिण विभागाचे आणि नंतर विशाखापट्टणम्‌च्या पूर्व विभागाचे प्रमुखपद, अशा पायऱ्या चढत ३० नोव्हेंबर १९९० रोजी रामदास नौदलप्रमुख झाले. काळ कठीण होता. तिजोरी रिकामी होती, परकीय चलनासाठी सोने गहाण पडत होते आणि ज्या सोव्हिएत संघाकडून नौदलाच्या बहुतेक नौका व सुटे भाग येत, तो संघ १९९१ च्या डिसेंबरात नकाशावरूनच पुसला गेला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या नौदलाबरोबर ‘मलबार’ नावाच्या पहिल्या संयुक्त कवायती झाल्या. रामदासांच्या कारकिर्दीतला हा बदल त्यांच्या नंतरच्या साम्राज्यवादविरोधी चाहत्यांना सोयीचा नाही म्हणून बहुधा सांगितला जात नाही, पण तो सांगितला पाहिजे. प्रमुखपदावरचा मनुष्य सरकारचे धोरण राबवतो. ते त्याचे कामच असते.

मात्र एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या आग्रहाने केली असे म्हणता येते, ती म्हणजे नौदलात स्त्रियांना अधिकारी म्हणून प्रवेश. वैद्यकीय सेवा सोडता जिथे बाईला जागा नव्हती, तिथे १९९२ साली शिक्षण, कायदा आणि पुरवठा या शाखांची दारे उघडली. दार उघडले ते अर्धेच. नेमणूक अल्पमुदतीची होती आणि जहाजावरची जागा तर दूरच. ‘बायका जहाजावर राहणार कुठे?’ हा प्रश्न त्या वेळी मोठ्या गांभीर्याने विचारला जाई, जणू काही पोलादाच्या भिंतीत एक दार जास्त बसवणे हे अभियांत्रिकीच्या आवाक्याबाहेरचे होते! त्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचा हक्क मिळण्यासाठी १७ मार्च २०२० रोजीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत, म्हणजे २८ वर्षे, थांबावे लागले. सरकारी वकील तोवर स्त्रीच्या शरीरप्रकृतीवर युक्तिवाद करीतच होते.

रामदासांच्या कारकिर्दीचे मोजमाप करताना रायगडच्या किनाऱ्यावरून नजर चुकवता येणार नाही. १९९३ च्या फेब्रुवारीच्या आरंभी श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरले आणि १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. २५७ माणसे मेली. त्या वेळी नौदलप्रमुख रामदास होते. किनाऱ्यावरची गस्त हे सीमाशुल्क खात्याचे, पोलिसांचे आणि तटरक्षक दलाचे काम होते, हे खरे. सीमाशुल्क खात्यातलेच अधिकारी पैसे खाऊन स्फोटके सोडून देतात तेव्हा विमानवाहू नौका काय करणार, हेही खरे. ते अधिकारी पुढे न्यायालयात दोषी ठरले. स्फोटांनंतर १९९३ मध्येच महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल आणि राज्य पोलीस यांची ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्त सुरू झाली. पण ही गस्त असूनही २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीचा ताबा घेऊन आलेले दहा जण कफ परेडच्या कोळीवाड्याजवळ उतरले. कोट्यवधींच्या क्षेपणास्त्रांनी जे रक्षण होत नाही, ते लाच न खाणारा शिपाई आणि विश्वासात घेतलेला तांडेल करू शकतो. खोल समुद्रातल्या सत्तेची स्वप्ने पाहणाऱ्या आपल्या सागरी धोरणाने हे फार उशिरा आणि अर्धवटच मान्य केले. याची जबाबदारी एका नौदलप्रमुखावर टाकता येत नाही. पण त्यांना तिच्यातून पूर्ण मोकळेही करता येत नाही.

सप्टेंबर १९९३ अखेर रामदास निवृत्त झाले आणि त्यांनी अलिबागजवळच्या भायमळा गावी बिऱ्हाड केले. जिथे कान्होजी आंग्ऱ्यांनी आरमाराची सत्ता उभी केली आणि जिथे त्यांची समाधी आहे, त्या परिसरात एका आरमारप्रमुखाने हाती नांगर धरावा, यात काव्य शोधणारे शोधोत. रामदासांच्या बाबतीत त्याचा अर्थ बराच गद्य होता. शेती करू लागलेल्या माणसाला पाणी, वीज, तलाठी आणि भूसंपादनाच्या नोटिसा यांची भाषा शिकावी लागते. २००५ च्या कायद्यानंतर उरण, पेण व पनवेल तालुक्यांत रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी जमिनी घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांनी शेतकऱ्यांना संघटित केले. रामदास दाम्पत्य या लढ्याच्या बाजूने उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला या प्रश्नावर जनमत अजमावावे लागले. स्वतंत्र भारतात असा प्रसंग विरळाच. लोकांनी काय कौल दिला हे गावोगाव माहीत झाले, परंतु सरकारने तो अधिकृतपणे जाहीर करण्याचे धैर्य दाखवले नाही.

रामदासांच्या उत्तरायुष्यातले मुख्य काम मात्र सीमेच्या पलीकडे हात पोचवण्याचे होते. १९९४ साली लाहोरला दोन्ही देशांतील काही नागरिक जमले आणि त्यातून ‘पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमोक्रसी’ ही संघटना जन्मली. १९९५ च्या फेब्रुवारीत तिचे पहिले संयुक्त अधिवेशन दिल्लीत झाले. पुढे भारतीय बाजूची धुरा रामदासांकडे आली. पलीकडे आय. ए. रहमान होते. ते पत्रकार, मानवी हक्कांचे कार्यकर्ते आणि लष्करी हुकूमशहांच्या डोळ्यांतले कुसळ. या दोघांना २००४ साली मॅगसेसे पुरस्कार एकत्र देण्यात आला. आपल्याकडच्या कुत्सित टीकाकारांना ही जोडी म्हणजे मेणबत्तीवाल्यांची भाबडी हौस वाटली. पण रहमान यांनी आपल्याच देशाच्या लष्कराविरुद्ध आयुष्यभर लेखणी चालवली आणि रामदासांनी आपल्या देशाच्या बाजूने प्रत्यक्ष युद्ध केले होते. यांपैकी भाबडा कोणाला म्हणायचे?

११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला अणुस्फोट झाले. त्याच महिन्याच्या २८ आणि ३० तारखेला पाकिस्तानने बलुचिस्तानात त्याला उत्तर दिले. रस्त्यावर पेढे वाटले जात असताना या माजी नौदलप्रमुखाने विरोधाचा सूर लावला आणि पुढे अण्वस्त्रविरोधी आघाडीच्या कामात तो अखेरपर्यंत कायम ठेवला. या भूमिकेमागे करुणा होतीच, पण तिच्यात व्यवसायाचे ज्ञानही होते. संदेशवहन शिकलेल्या अधिकाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: आज्ञा पोचण्यात चूक होते. यंत्र बिघडते, माणूस चुकीचे ऐकतो, आणि घाबरलेला माणूस तर नसलेलेही ऐकतो. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी क्यूबाजवळच्या समुद्रात ‘बी-५९’ या सोव्हिएत पाणबुडीत हेच घडत होते. वर अमेरिकी नौका इशाऱ्याचे स्फोट करीत होत्या, मॉस्कोशी संपर्क तुटला होता आणि कप्तान अण्वस्त्रधारी पाणतीर सोडण्याच्या तयारीत होता. वासिली आर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने संमती नाकारली म्हणून तो सुटला नाही. अमेरिका आणि रशिया यांच्यात निदान विचार करायला महासागराएवढे अंतर होते. दिल्ली आणि लाहोर यांच्यात क्षेपणास्त्राला लागणारा वेळ मिनिटांत मोजावा लागतो. तेवढ्यात कोणी कोणाला विचारायचे आणि कोणी नकार द्यायचा?

ही भीती कल्पनेतली नव्हती, हे ९ मार्च २०२२ रोजी दिसून आले. त्या संध्याकाळी भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र देखभालीच्या वेळी चुकून सुटले आणि पाकिस्तानी पंजाबात मियां चन्नूजवळ जाऊन पडले. त्याच्यावर स्फोटक नव्हते आणि कोणी दगावले नाही. दोन दिवसांनी सरकारने तांत्रिक बिघाड झाल्याचे सांगून खेद व्यक्त केला आणि ऑगस्टमध्ये हवाईदलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. नियम पाळले गेले नव्हते, असा चौकशीचा निष्कर्ष होता. पाकिस्तानने त्या दिवशी संयम राखला. तो सीमेवर तणाव पेटलेला दिवस असता तर? मे २०२५ मध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, दोन्ही देशांची क्षेपणास्त्रे आणि ड्रोन चार दिवस एकमेकांच्या हद्दीत कोसळत होती. त्या चार दिवसांत असे एखादे चुकून सुटले असते तर ‘चूक झाली’ या शब्दांवर कोणी विश्वास ठेवला असता?

शिवाय आता प्रश्न रामदासांच्या जुन्या नौदलाच्या अगदी पोटात शिरला आहे. जमिनीवर बॉम्ब एका खात्याकडे आणि क्षेपणास्त्र दुसऱ्या खात्याकडे, असे वेगवेगळे ठेवता येते. पाणबुडीत ते शक्य नाही. ‘अरिहंत’नंतर २९ ऑगस्ट २०२४ रोजी ‘अरिघात’ ही दुसरी अण्वस्त्रवाहू पाणबुडी नौदलात दाखल झाली. रामदासांच्या मृत्यूला तेव्हा साडेपाच महिने झाले होते. महिनोन्महिने पाण्याखाली, किनाऱ्याशी तुटक संपर्क ठेवून फिरणाऱ्या नौकेवर अंतिम अस्त्राची राखण आता काही मोजक्या अधिकाऱ्यांकडे आहे. त्यांच्या सचोटीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण राष्ट्राचे अस्तित्व सचोटीवर टांगून ठेवावे काय, एवढे विचारण्याचा हक्क लोकशाहीत कोणालाही असला पाहिजे. संसदेत मात्र या विषयावर तपशीलवार चर्चा झाल्याचे कोणाला आठवत नाही.

रामदासांवर एक आक्षेप नेहमी घेतला गेला: हे सगळे शहाणपण गणवेश उतरल्यावरच कसे सुचले? आक्षेप सोपा आहे आणि म्हणून लोकप्रिय आहे. पण त्याचा अर्थ नीट लावला तर तो उलटतो. गणवेशातल्या प्रमुखाने सरकारच्या धोरणाविरुद्ध जाहीर भाषणे देत फिरावे असे या आक्षेपकांना हवे होते काय? सेनापती राजकारणावर बोलू लागले की काय होते, हे सीमेपलीकडे १९५८, १९७७ आणि १९९९ साली दिसले. सैन्याने मुलकी सत्तेपुढे मौन पाळावे आणि निवृत्त झाल्यावर सैनिकाने नागरिकाचा आवाज परत घ्यावा, याहून लोकशाहीला पोषक रीत कोणती? खरी विसंगती दुसरीकडे आहे. निवृत्त अधिकारी दूरदर्शन वाहिन्यांवर युद्धाच्या बाजूने ओरडतो तेव्हा तो ‘तज्ज्ञ’ असतो आणि शांततेच्या बाजूने बोलतो तेव्हा त्याने ‘राजकारण’ केलेले असते.

२०१९ च्या निवडणुकीत या दुटप्पीपणाने कळस गाठला. पुलवामा आणि बालाकोटनंतर प्रचाराच्या फलकांवर वैमानिकाचे छायाचित्र झळकू लागले. तेव्हा सैन्याच्या नावाने मते मागणे थांबवावे, असे पत्र रामदासांनी मार्चमध्येच मुख्य निवडणूक आयुक्तांना लिहिले. मे महिन्यात पंतप्रधानांनी प्रचारसभेत राजीव गांधींवर ‘विराट’ ही युद्धनौका कौटुंबिक सहलीसाठी टॅक्सीसारखी वापरल्याचा आरोप केला. १९८७ च्या डिसेंबरातल्या त्या लक्षद्वीप भेटीच्या वेळी कोचीच्या दक्षिण विभागाचे प्रमुख होते रामदास. भेट सरकारी होती, द्वीपविकास प्राधिकरणाच्या बैठकीसाठी होती आणि नौका कोणाच्या सहलीसाठी वळवलेली नव्हती, असे निवेदन त्यांनी दुसऱ्याच दिवशी प्रसिद्धीस दिले. काँग्रेसचे त्यांना प्रेम होते म्हणून नव्हे. १९८४ च्या शीख हत्याकांडानंतर दिल्लीच्या मदतछावण्यांत त्यांच्या पत्नीने काम केले होते, आणि त्या घराला त्या पक्षाविषयी भ्रम असण्याचे कारण नव्हते. जे त्यांच्या अधिकारकक्षेत घडले, तेवढे त्यांनी सांगितले. आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल असताना त्यांनी त्या पक्षाच्या नेत्यांनाही असेच नको असलेले चार शब्द लिहून कळवले होते. मार्च २०१५ मध्ये त्या पक्षाने त्यांना दूर केले. भ्रष्टाचाराविरुद्धच्या आंदोलनातून जन्मलेल्या पक्षाला आपलाच लोकपाल वर्षादोन वर्षांत असह्य व्हावा, हा तपशील भारतीय राजकारणाच्या अभ्यासकांनी जपून ठेवावा.

आय. ए. रहमान यांचे एप्रिल २०२१ मध्ये लाहोरला निधन झाले. दोघांनी मिळून जे प्रश्न हाती घेतले होते त्यांतला एक अगदी साधा होता: सागरी हद्द ओलांडली म्हणून पकडल्या जाणाऱ्या कोळ्यांचा. पाण्यावर रेघ नसते. माशांमागे गेलेली बोट सर क्रीकच्या परिसरात कोणत्या देशाच्या पाण्यात आहे, हे तांडेलाला गस्तीनौका दिसल्यावर कळते. सर क्रीकचा वाद इतकी वर्षे मिटलेला नाही. किनाऱ्याच्या प्रादेशिक पाण्यापलीकडील अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला म्हणून, दोन देशांत तसा करार नसेल तर, परदेशी मच्छीमाराला तुरुंगवास देता येत नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचे कलम ७३ सांगते. भारताने हा कायदा १९९५ साली आणि पाकिस्तानने १९९७ साली मान्य केला. तरीही दोन्हीकडचे कोळी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, कोठडीत राहतात. शिक्षा भोगून झाल्यावरही राहतात. बोटी जप्त होतात, घरी बाया सावकाराच्या दारी जातात. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी दोन्ही सरकारे एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. मे २०२५ च्या त्या चार दिवसांनंतरही १ जुलैला याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. त्यांत गुजरातच्या मच्छीमारांची नावे सर्वाधिक असतात, आणि गुजरातच्या बोटींवर मजुरीला जाणाऱ्या पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी खलाशांचीही असतात.